ओहोटीची शर्यत आणि माझी वीतभर चूक

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, जमीन मोजणारा. माझ्या कातडी डबीवर ‘३० मीटर’ असे ठसठशीत कोरलेले आहे आणि सात वर्षे ते धडधडीत खोटे होते. तुम्हाला माझी गोष्ट सांगायची म्हणजे मला आधी हे कबूल करावेच लागेल, नाहीतर पुढचे कौतुक सांगताना माझी जीभ अडखळेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड कापडाची पिवळी पट्टी, तिच्यात विणलेल्या बारीक तारा, वर काळे आकडे आणि दर मीटरला एक लाल आकडा. गुंडाळायला पितळेची छोटी मूठ. डहाणूच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी दोन वर्षे खिळ्यांच्या डब्यामागे पडून होतो. मग एक दिवस एक तरुण शिक्षिका आल्या. त्यांनी मला पूर्ण उलगडले, दुकानाच्या दारापासून रस्त्यापर्यंत नेले, आकडे नीट वाचले आणि म्हणाल्या, “हाच द्या. याला समुद्रावर काम आहे.”

त्या हिरकणीबाई. डहाणूजवळच्या समुद्रकाठच्या चिखले गावातल्या शाळेत गणित आणि खेळ असे दोन्ही विषय शिकवायच्या. घरची चिकूची वाडी, घरात सगळे शेती-बागायतीवाले, पण बाईंचे मन पळण्यात. आमच्या शाळेला धड मैदान नव्हते. जे होते त्यात पावसाळ्यात पाणी साचायचे आणि दिवाळीनंतर तिथे भात झोडायचे. तालुक्याच्या स्पर्धेला मुले गेली की बूटवाल्या मुलांकडे बघूनच अर्धी हरायची. बाई एकदा वैतागून म्हणाल्या, “अरे, आपल्याकडे एवढं मोठं मैदान आहे आणि आपण रडत बसलोय!”

ते मैदान म्हणजे ओहोटीचा किनारा. पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी सकाळी सातच्या सुमाराला आमच्याकडे समुद्र इतका मागे जातो की नजर पोचत नाही. मागे उरते ती ओली, कडक, सपाट वाळू. बाईंनी ठरवले की शर्यत इथेच होईल आणि सगळे अनवाणी धावतील. मग कोण बूटवाला आणि कोण बिनबुटाचा?

पहिल्या वर्षी पाच शाळा आल्या. कोळ्यांची मुले, वाडीवाल्यांची मुले, आतल्या पाड्यांवरची वारली मुले, सगळी एका रेषेवर उभी राहिली. एका बांबूपासून निघायचे, दीड किलोमीटरवरच्या दुसऱ्या बांबूला वळसा घालायचा आणि परत यायचे. एकूण तीन हजार मीटर. लोक तिला ‘ओहोटीची शर्यत’ म्हणू लागले.

आता माझे काम ऐका. इतर मैदानांवर एकदा चुना मारला की काम झाले. आमचे मैदान मात्र समुद्र रोज दोनदा पुसून टाकायचा. म्हणून दर वर्षी शर्यतीच्या सकाळी, उजाडता उजाडता, मला पुन्हा वाळूवर अंथरावे लागे. तीस मीटर, खूण. तीस मीटर, खूण. अशा पन्नास वेळा. बाई एका टोकाला आणि कोणीतरी दुसऱ्या टोकाला. पन्नासावी खूण झाली की दुसरा बांबू रोवायचा. बांबू कितीही रोवला तरी रस्ता माझ्यामुळे खरा व्हायचा. हे मला ठाऊक होते आणि त्याचा मला फार गर्व होता.

बाईंचा जतीन नावाचा एक विद्यार्थी मोठा होऊन मॉरिशसमध्ये शिक्षक झाला. तिथेही मराठी बोलणारी घरे आहेत आणि समुद्र तर चहूकडे. त्याने बाईंना लिहिले, “आमची मुलं आणू का?” बाईंनी लगेच “या” म्हणून कळवले. पुढच्या वर्षी श्रीलंकेची एक शाळा आली, मग मालदीवची. पाहुणी मुले गावातल्या घराघरांतून राहायची, सुकटीची चटणी खाऊन डोळ्यांतून पाणी काढायची आणि पुन्हा मागायची. अशी ही चिखल्याची शर्यत आंतरराष्ट्रीय झाली. बाईंचे नाव वर्तमानपत्रात आले. फोटोत त्यांच्या हातात मी होतो. फोटो काळपट छापला होता, पण माझी मूठ त्यात चमकत होती.

मग ती सकाळ आली. समुद्र मागे गेला होता, मुले दंड-बैठका काढत होती, पाऊण तासात शर्यत सुरू व्हायची होती. बाई माझी पहिलीच खूण करत होत्या. इतक्यात मासळीच्या टोपल्या बांधलेली एक मोटारसायकल वाळूवरून भरधाव आली आणि मी तिच्या चाकात गुंतलो. एक हिसका बसला आणि अकरा मीटर पन्नास सेंटिमीटरवर माझे दोन तुकडे झाले.

बाईंचा चेहरा उतरला. नवा टेप आणायचा तर डहाणूपर्यंत जायचे, दुकान उघडायची वाट बघायची, आणि समुद्र काही कोणासाठी थांबत नाही. तिथेच होडीच्या आडोशाला चंदरकाका जाळे शिवत बसले होते. अख्ख्या किनाऱ्यावर त्यांच्या हातासारखा हात नाही. ते म्हणाले, “बाई, द्या इकडं. जाळं फाटलं तं काय आम्ही समुद्रात टाकून देतो काय?”

त्यांनी माझी दोन्ही टोके जुळवून पाहिली आणि मान हलवली. “नुसतं टोकाला टोक लावलं तं परत सुटणार. एकावर एक घ्यायला पायजे, वीतभर. मग हत्तीनं ओढलं तरी निघणार नाय.”

जाळे असेच शिवतात. त्यात काही चूक नाही. जाळ्याला ताकद लागते, वीतभर इकडेतिकडे झाल्याने मासा काही तक्रार करत नाही. काकांनी माझे एक टोक दुसऱ्याखाली सारले, नायलॉनच्या दोऱ्याने बारीक, घट्ट टाके घातले आणि दाताने दोरा तोडला. बाईंनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिले. “वा काका! आता काही बघायला नको.”

आणि खरेच, कोणी बघितले नाही. गणिताच्या बाईंनीही नाही. त्यांचा एक कान पाहुण्यांकडे होता आणि दोन्ही डोळे समुद्राकडे. मला मात्र शिवणीचा शेवटचा टाका पडताच कळले. अकरा पन्नासनंतर माझ्यावर एकदम अकरा त्र्याहत्तर आले होते. मधली तेवीस सेंटिमीटर पट्टी खाली दडपली होती. मी तीस मीटरचा उरलो नव्हतो.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, हे खरे. पण मी त्यामागे लपणार नाही. मला खरोखर बोलायचे होते का? मला तर बरेच वाटत होते. मी वाचलो होतो. मला फेकले नव्हते. लांब अंतर मोजताना लोक फक्त माझी दोन टोके बघतात, मधले आकडे कोण वाचतो? मी गप्प डबीत जाऊन बसलो. एका खेपेला तेवीस सेंटिमीटर. पन्नास खेपांना साडेअकरा मीटर. जाऊन-येऊन तेवीस मीटर. सात वर्षे आमची तीन हजार मीटरची शर्यत तेवीस मीटर कमी धावली गेली.

सातव्या वर्षी सोमी धावली.

सोमी रानशेतची, आतल्या पाड्यावरची. वसतिगृहात राहून आमच्या शाळेत शिकायची. अंगाने काटकुळी, बोलायला कमी. पण ती धावायला लागली की बाई बोलता बोलता थांबायच्या. मुलींचा विक्रम मॉरिशसच्या एका मुलीच्या नावावर होता, अकरा मिनिटे चार सेकंद. तो माझ्या फाटण्याच्या आधीचा होता, म्हणजे पुऱ्या तीन हजार मीटरचा. सोमीने अकरा मिनिटे एक सेकंदात शर्यत संपवली.

काय तो जल्लोष! चंदरकाका लुंगी सावरत नाचले. बाईंनी सोमीला उचलून धरले. मग मला वर धरून त्या पाहुण्यांना म्हणाल्या, “पंचवीस वर्षं याच टेपनं मोजतोय आम्ही. माणूस चुकेल, हा चुकणार नाही.”

लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि मला आनंद झाला. आज सगळ्यात जास्त लाज मला याचीच वाटते. चूक माझ्याकडून घडवली गेली, असे मी म्हणू शकतो. पण त्या टाळ्या मी स्वतः घेतल्या, पोटभर घेतल्या.

महिन्याभरात नाशिकच्या एका क्रीडा वसतिगृहाचे पत्र आले. विक्रमाच्या जोरावर सोमीला तिथे जागा मिळाली होती. राहणे, शिकणे, खरा प्रशिक्षक, खरे मैदान. जूनमध्ये जायचे होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई पाचवीला मापन शिकवत होत्या. त्यांनी मला व्हरांड्यात अंथरले आणि मयुरा नावाच्या मुलीला म्हणाल्या, “मोठ्यानं आकडे वाचत जा.” मयुरा रांगत रांगत वाचू लागली. एकेक आकडा जवळ येत होता आणि मला पळून जावेसे वाटत होते.

“अकरा तीस... अकरा चाळीस... अकरा पन्नास... अकरा त्र्याहत्तर.” ती थांबली. “बाई, मधले कुठे गेले?”

बाई खाली बसल्या. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवले. मुले वाट बघत होती. बाईंनी पुन्हा बोट फिरवले आणि मग हळूच म्हणाल्या, “पुढचा तास मोकळा. जा, खेळा.”

घरी त्यांनी मला कपाटात ठेवले. तीन दिवस बाहेर काढले नाही. चौथ्या दिवशी वाडीत चिकू उतरवत असताना त्यांनी यजमानांना, गोविंदरावांना, सगळे सांगितले. मी त्यांच्या पिशवीत होतो.

गोविंदराव म्हणाले, “तीन हजारात तेवीस मीटर? आपल्या दोन-तीन झाडांमधलं अंतर! कोण विचारतंय?”

“मी विचारतेय ना.”

“अगं, पोरगी नाशिकला चाललीय. तिच्या घरातून आजवर कोणी कासाच्या बाजारापुढे गेलेलं नाही. तुझ्या मनाला टोचतं म्हणून तिचं नुकसान करणार?”

 चिकूचा चीक बोटांना लागला होता, बाई तो पुसत राहिल्या. मलाही गोविंदरावांचे पटत होते, हेही सांगून टाकतो. सगळे गप्प राहिले तर माझेही झाकून राहणार होते.

दुसऱ्या दिवशी बाई चंदरकाकांकडे गेल्या. काकांनी शिवण बघितली, आकडे बघितले आणि डोक्याला हात लावला. “मी ताकदीचं बघितलं, बाई. मापाचं नाय. तुम्ही बोललाच नाय, हे कशाला लागतं ते.”

“हो काका. मी बोललेच नाही. आणि बघितलंही नाही.”

मग बाई मला घेऊन रानशेतला निघाल्या. कासापर्यंत एसटी, पुढे माणसांनी खचाखच भरलेली जीप. सोमी सुटीत घरी आली होती. अंगण नुकतेच सारवलेले होते. बाईंना बघताच ती धावत आत गेली आणि एक पत्र्याची पेटी ओढत बाहेर आली. हिरवी, नवी कोरी. झाकणावर पांढऱ्या रंगात तिचे नाव लिहिलेले.

“बाई, माझी पेटी आली! आयनं कासाच्या बाजारातून आणली. नाशिकसाठी.”

त्या वेळी मला वाटले, बाई आता परत फिरतील.  पण त्यांनी मला अंगणात अंथरले, सोमीला शेजारी बसवले आणि शिवण दाखवली. गणित शिकवतात तसे सगळे शिकवले. तेवीस सेंटिमीटर गुणिले पन्नास, गुणिले दोन.

सोमी हुशार होती. तिने उत्तर बाईंच्या आधी काढले. “तेवढ्याला मला पाच सेकंद लागतात,” ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “म्हणजे मी चोर काय?”

“नाही गं. चोर कोणीच नाही. चूक माझी आहे.”

“पण नाव तर माझं खोडणार ना?”

बाईंना याचे उत्तर एकच देता येत होते. त्या म्हणाल्या, “हो.”

सोमीने पेटी उचलली आणि आत निघून गेली. तिची आई बायजी दारातच उभी होती. तिने विचारले, “बाई, तुम्ही नसतं सांगितलं तं कोणाला कळलं असतं काय?”

“नसतं कळलं.”

“मग?”

“मग हिनं मला दर वेळी ‘बाई’ म्हणून हाक मारली असती, बायजी, आणि मला ओ देता आली नसती.”

बायजीने तरीही कोरा चहा दिला. निघताना सोमी बाहेर आली नाही. परतीच्या जीपमध्ये बाई पदराने डोळे पुसत होत्या आणि मी त्यांच्या मांडीवर होतो. मला कोणी खिडकीबाहेर फेकून दिले असते तर मी उपकार मानले असते.

बाईंनी सगळ्या देशांच्या शाळांना पत्रे लिहिली. सात वर्षांच्या वेळा रद्द. पहिले आलेले पहिलेच राहतील, कारण सगळे सारखेच अंतर धावले. पण विक्रम नाही. “जबाबदारी माझी,” आणि खाली बाईंची सही. मॉरिशसच्या मुलीला तिचा विक्रम परत मिळाला. नाशिकला सर्वांत लांब पत्र गेले. त्यांचे उत्तर सभ्य होते. जागा विक्रमावर दिली होती, विक्रम नाही तर जागा नाही, पुढच्या वर्षी निवडचाचणीला या. त्या पावसाळ्यात सोमीच्या हिरव्या पेटीत बायजीने भाताचे बियाणे ठेवले.

मित्रांनो, एका मुलीचे एक अख्खे वर्ष मी खाल्ले. ते मला कुठल्याही मापाने परत करता येणार नाही.

पुढच्या जानेवारीत शर्यतीसाठी नवा पोलादी टेप आला. बाई त्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. शर्यतही दुसऱ्या कोणीतरी बघावी, असे त्यांनी कळवले होते. परदेशी शाळांनी उलट लिहिले की तुम्ही असाल तरच आम्ही येऊ. सोमी मात्र रानशेतहून येईल की नाही, कोणालाच माहीत नव्हते. ती आली.  रेषेवर जाऊन उभी राहिली.

बाईंनी मला पिशवीत घालून आणले होते. का, ते त्यांनाच माहीत. पिशवीच्या तोंडातून मला वाळू दिसत होती. सोमी सगळ्यांच्या पुढे परतली. तिच्या पायांखाली पाणी उडत होते. ती रेषेपार गेली आणि घड्याळे थांबली. अकरा मिनिटे पाच सेकंद. विक्रमापेक्षा एक सेकंद जास्त लागला होता.

कोणी टाळी वाजवली नाही. वाजवावी की नाही, हेच लोकांना कळेना. सोमी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. मग तिने मान वर केली आणि म्हणाली, “मोजा.”

“काय?”

“रस्ता. परत मोजा. माझ्यासमोर.”

समुद्र परत फिरला होता. चंदरकाकांनी पोलादी टेपाचे एक टोक धरले, मॉरिशसहून आलेल्या एका शिक्षिकेने दुसरे, आणि सोमी मधून चालत राहिली. प्रत्येक खूण तिने स्वतः वाकून पाहिली. तिसाव्या खुणेला पाणी बोटांना लागले. पन्नासाव्या खुणेला घोट्यापर्यंत आले. काकांनी तिकडून ओरडून सांगितले, “पंधराशे पुरे! वर चार बोटं!”

“म्हणजे जास्तच धावले,” सोमी म्हणाली. वर्षभरात ती पहिल्यांदा हसली असेल. मग टाळ्या झाल्या. त्या तिच्याच होत्या, सगळ्याच्या सगळ्या.

ती चालत बाईंकडे आली. “बाई, तो टेप आणलाय?”

माझे धाबे दणाणले. ती मला समुद्रात भिरकावणार, अशी माझी खात्री होती, आणि त्यात तिचे काही चुकले नसते. तिने मला उलगडले, शिवण शोधली आणि चंदरकाकांपुढे धरली. “काका, हे उसवा.”

काकांनी खिशातली सुरी काढली. स्वतःचेच टाके त्यांनी एकेक करून कापले. सात वर्षे त्यांतला एकही सैल झाला नव्हता. शेवटचा टाका तुटला आणि खाली दडपलेली पट्टी मोकळी झाली. मित्रांनो, बाकी मी सगळा उन्हाने, खाऱ्या पाण्याने मळून राखाडी झालो होतो. ती वीतभर पट्टी मात्र दुकानातल्यासारखी पिवळीधमक होती, आकडे कालच छापल्यासारखे. अकरा पन्नासपासून अकरा त्र्याहत्तरपर्यंत, एकही गळलेला नाही.

“एवढा तुकडा मला द्या,” सोमी म्हणाली.

बाईंनी काकांकडून सुरी घेतली आणि तो तुकडा स्वतःच्या हाताने कापून दिला. सोमीने तो मनगटाला गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणाली, “मेमध्ये नाशिकला चाचणी आहे, बाई. तुम्ही याल ना?”

या वेळी बाईंना ओ देता आली.

आता मी शाळेच्या कपाटात दोन तुकड्यांत पडून आहे. माझ्याकडे कोणी मोजायला येत नाही आणि येऊही नये. चाचणीचे काय होईल, मला ठाऊक नाही. पण तुम्हाला एक विनवणी करतो. तुमच्या घरात, शाळेत काही मोजणारे असेल, तराजू असेल, घड्याळ असेल, माझ्यासारखा टेप असेल, तर त्याची दोन टोके बघून समाधान मानू नका. कधीतरी मधले आकडेही वाचा. ते मोडले तर दुरुस्त करणाऱ्याला ते कशाला लागते, हे आधी सांगा. आणि चूक सापडलीच, तर ती ज्याच्या वाट्याला गेली असेल त्याच्या अंगणात जाऊन सांगा. चहा मिळेल की नाही, याचा विचार करू नका.

माझा खरा उरलेला भाग तेवढाच, वीतभर. तो माझ्याजवळ नाही. तो रोज पहाटे रानशेतच्या वाटेवर एका मुलीच्या मनगटावर धावतो.